पाट्याच्या दगडाची सुरीला मूठ: चीप कधी तडकते, कधी निखळते, बसवावी कशी?

जुना टूलरूमवाला (कोल्हापूर)

सप्रेम नमस्कार.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचे काम सुरू असताना आईचा पाटा सामान हलवणाऱ्यांच्या हातून निसटला आणि पायरीवर पडून त्याचे तीन तुकडे झाले. दगड काही मौल्यवान नव्हे, आपल्या भागातला नेहमीचा काळा पाषाण. पण चाळीसेक वर्षे तांबड्या रश्श्याचे वाटण ज्यावर झाले, तो पाटा राडारोड्याच्या गाडीत टाकण्यास घरात कोणाचाच हात धजावेना. आम्ही भावंडे तीन आणि तुकडेही तीन, तेव्हा प्रत्येकाला त्या दगडाची मूठ बसवलेली भाजी चिरण्याची एकेक सुरी करून द्यावी, असे मी ठरवले.

पात्यांची मला अडचण नाही. माझी सारी नोकरी शिवाजी उद्यमनगरात टूलरूममध्येच झाली. बेअरिंगसाठी वापरतात त्या ईएन ३१ पोलादाच्या अडीच मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून दीडशे मिलिमीटर लांबीची तीन पाती मी काढली, ती तेलात विझवून २०० अंशांच्या आसपास टेम्पर केली आणि त्यांची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा भाग, मुठीच्या पूर्ण रुंदीचा ठेवला. दगडाशी मात्र माझी पहिल्यांदाच गाठ पडली आणि दोन्ही प्रयत्न वाया गेले.

पहिल्या सुरीसाठी ११० मिलिमीटर लांब, २६ रुंद आणि ७ जाड अशा दोन चिपा, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंना बसणारे दगडाचे पातळ तुकडे, हँड ग्रायंडरने कापल्या आणि लाकडी मुठीला पाडतो तशी तीन छिद्रे काँक्रीटच्या ड्रिलने पाडली. ड्रिल पलीकडे निघताना छिद्राच्या कडेला मुगाएवढा टवका उडाला, तो एपॉक्सी या चिकटद्रव्याने भरून घेतला. मग पितळी रिव्हेट घालून गोल डोक्याच्या हातोडीने त्याचे डोके पसरवू लागलो. दोन ठोके ठीक पडले. तिसऱ्याचा आवाज वेगळा आला, म्हणून चीप ओल्या फडक्याने पुसून पाहिली, तर छिद्रापासून कडेपर्यंत केसाएवढी ओली रेघ उमटली होती, आणि बाकीचा दगड वाळला तरी ती रेघ वाळेना.

दुसऱ्या खेपेस रिव्हेट टाळले आणि पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या एपॉक्सीवरच सगळी भिस्त ठेवली. चीप चिकटवून झाल्यावर कोरड्या बफवर चकाकी आणू पाहिली. ती आली नाहीच, दगड काळा होण्याऐवजी राखाडी राहिला, आणि आठ दिवसांत डावीकडची चीप अख्खीच्या अख्खी सुटून ओट्यावर पडली. पोलादाच्या बाजूला एपॉक्सीचा कणही उरला नव्हता. सगळा थर दगडाबरोबर निघून आला होता.

दगडाची चीप पोलादावर कायमची बसवण्याची खात्रीची रीत कोणती, हा माझा पहिला प्रश्न. आपला हा पाषाण आरशासारखा काळा होतो का, आणि होत असल्यास कशाने, हा दुसरा. तिसरा प्रश्न माझा नसून धाकट्या बहिणीचा आहे: पाट्याच्या तोंडावर टाकीचे, म्हणजे छिन्नीच्या घावांचे, जे खळगे आहेत ते मुठीवर तसेच राखता येतील का? तिचा सगळा जीव त्या खळग्यांत आहे.

हौशी लोहार

टूलरूमवाले काका, नमस्कार. मी फाउंड्रीसाठी पॅटर्न बनवतो आणि सुट्टीच्या दिवशी सुऱ्या. दगडी मुठीच्या सात सुऱ्या आजवर केल्या, त्यांतल्या पहिल्या तीन फुटल्या, त्यामुळे आपली ती न वाळणारी ओली रेघ मी चांगलीच ओळखतो.

रिव्हेट ठोकताना त्याचे डोके पसरते हे आपल्याला दिसते, पण छिद्राच्या आतली त्याची दांडीही फुगते आणि छिद्राच्या भिंतींना चहूबाजूंनी बाहेर रेटते. लाकूड हा रेटा पोटात घालते. दगड दाबाखाली वाटेल तेवढा भार सोसतो, ताण मात्र त्याला दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच सोसवतो, आणि छिद्राभोवती आपण नेमका ताणच निर्माण केलात. कडेचा टवका उडालेला असल्यामुळे चिरेला सुरुवात करायला जागाही आयती मिळाली. काँक्रीटचा ड्रिल दगड कापत नाही, चिरडतो. त्यामुळे छिद्र पाडायचेच असेल तर डायमंडचा पोकळ कोअर बिट घ्यावा, चीप लाकडाच्या तुकड्यावर चिकटवून दोन्ही पाण्यात बुडवाव्यात आणि शेवटचा मिलिमीटर केवळ बिटच्या वजनावर कापू द्यावा.

पण माझे मत विचाराल तर दगडाला आरपार छिद्रच नको. मुठीतला भार धातूने पेलावा आणि दगडाने फक्त धातूच्या कुशीत बसावे, एवढे धरून चाललात तर पुढची रचना आपोआप सुचते. पाते जिथून सुरू होते तिथे शेपटीच्या दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर लांबीचे पितळी ठोकळे बसवा आणि ते रिव्हेटने ठोकून टाका. हा घाव धातूवर धातूचा आहे, दगड अजून आलेलाच नाही. मागच्या टोकाला तसेच १० मिलिमीटरचे ठोकळे करा, मात्र ते रिव्हेटने न बसवता स्क्रूने बसवा. दोन्ही ठोकळ्यांच्या आतल्या कडा पाचएक अंश तिरप्या घासा, म्हणजे दगडाची तिरपी कड त्यांच्याखाली जाऊन बसेल आणि एपॉक्सीने उद्या साथ सोडली तरी चीप वर उचलली जाणार नाही. पुढची कड आधी सरकवायची, मग मागचा ठोकळा आणून टेकवायचा. आवळायचा नाही. तिथे ०.१ मिलिमीटरची फट राहू द्या आणि ती एपॉक्सीने भरू द्या.

टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला फट ठेवायला सांगणे म्हणजे जिवावर येणारी गोष्ट आहे, याची मला कल्पना आहे. पण पोलाद आणि पाषाण तापल्यावर सारखे पसरत नाहीत. मुठीच्या लांबीवर तीस अंशांच्या चढउताराला दोघांतला फरक ०.०२ मिलिमीटरच्या आसपास येतो. आकडा क्षुल्लक आहे, तरी गरम पाण्याची धुणी वर्षभर सोसताना काचेसारखा कडक सांधा त्यानेच हळूहळू थकतो. म्हणून दगड आणि पोलाद यांच्यामध्ये मी लेदरॉइडचा, म्हणजे विजेच्या इन्सुलेशनच्या जाड कागदाचा, थर देतो. मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे तो मिळतो, काळा मिळाला तर दिसायलाही उत्तम. तो थोडे पाणी पितो, तेव्हा त्याच्या उघड्या कडांवर पातळ एपॉक्सी फिरवण्यास विसरू नका.

आता निखळलेल्या चिपेविषयी. थर दगडाबरोबर निघून आला, याचा अर्थ दगडाने एपॉक्सी धरली आणि पोलादाने सोडली. पोलाद आपण सवयीने गुळगुळीत घासले असणार आणि त्याला बोटांचे तेलही लागले असणार. या कामात पोलाद ओबडधोबड हवे: ८० नंबरच्या पेपरने आडवे-उभे ओरखडे पाडा, ॲसिटोनने दोनदा पुसा आणि त्यानंतर त्या जागेला हात लावू नका. पहिल्या सुरीच्या शेपटीत रिव्हेटची तीन छिद्रे आहेतच, ती आता वेगळ्या कामी येतील. दगडाच्या आतल्या बाजूला त्या छिद्रांच्या समोर डायमंड बरने दीड मिलिमीटर खोल खळगे करा आणि लेदरॉइडलाही तिथे भोके पाडा. एपॉक्सी एका चिपेच्या खळग्यातून पोलादाच्या छिद्रात आणि तिथून पलीकडच्या चिपेत जाऊन घट्ट होते आणि आपोआप तीन खुंट्या तयार होतात. बाकीच्या दोन पात्यांना ही छिद्रे नसतील तर कडक पोलादाला कार्बाइडचा ड्रिल लागेल, हे आपल्याला सांगायला नको.

एपॉक्सी चोवीस तासांची, सावकाश वाळणारीच घ्या. क्लॅम्प हलक्या हाताने लावा, कारण फार आवळले की सगळी एपॉक्सी बाहेर येते आणि सांधा उपाशी राहतो. कोरडा बफ आपल्याला महागात पडला तो याच ठिकाणी, कारण साधी एपॉक्सी साठएक अंशांपासून मऊ पडू लागते आणि बफखाली दगड तेवढा सहज तापतो. चीप हाताला सोसवेनाशी झाली की थांबायचे, हा साधा मापदंड पुरतो.

एक हिशेब राहिला. आपल्या मापाच्या दोन चिपांचे आकारमान ४० घन सेंटिमीटर भरते. शिसवीत त्याचे वजन ३२ ग्रॅमच्या आसपास झाले असते, आपल्या पाषाणात ते ११६ ग्रॅम होते, आणि दीडशे मिलिमीटरच्या पातळ पात्यामागे एवढे ओझे असले की सुरीचे नाक वर उचलले जाते. चीप ७ ऐवजी ४ मिलिमीटरची करा, वजन ६६ ग्रॅमवर येईल.

विळीवरची बाई

मी कारागीर नाही, रोज चिरणारी आहे, म्हणून एक शंका मांडते. स्वयंपाकघरात सुरी कोरड्या हातात क्वचितच असते. कांदा चिरताना हात ओला, कोंबडी साफ करताना तेलकट. आरशासारखा घोटलेला दगड अशा हातात साबणाच्या वडीसारखा निसटेल आणि निसटली की खाली शहाबादी फरशी आहेच. आपल्या आईच्या आठवणीचा दुसऱ्यांदा चुरा व्हावा, असे कोणालाच वाटणार नाही. मूठ बाभळीची करून त्या दगडाचा एखादा छोटा तुकडा तीत बसवला तर नाही का चालणार? लिंबू, चिंच, आमसूल यांचे पाणी दगडावर सतत लागणार, त्याचेही कोणीतरी सांगावे.

दगडगोट्यांची मास्तरीण

भूशास्त्र शिकवते, म्हणून आधी लिंबाचे उत्तर देते. संगमरवर, शहाबादी आणि कडप्पा हे तिन्ही दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे आहेत, आणि आम्लाचा थेंब पडला की त्यांची चकाकी जागेवर मरते. घरी कडप्प्याचा ओटा असेल तर चिरलेले लिंबू रात्रभर पालथे ठेवून पाहा, सकाळी पांढुरका गोल डाग दिसेल. या कारणासाठी, आणि एक ते दहाच्या मोह्स मापावर तीनच्या आसपास असलेल्या त्यांच्या कमी कठीणपणासाठीही, स्वयंपाकाच्या सुरीला हे दगड मी लावणार नाही. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्याचा कठीणपणा सहाच्या आसपास आहे आणि लिंबू-चिंचेची त्याला पर्वा नाही. तसे नसते तर पाट्यावर चिंच वाटली गेलीच नसती.

हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा थरांवर थर असा वाहत आला आणि प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, मधला भाग मात्र घट्ट आणि एकजीव थिजला. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे गारगोटी, अकीक, झिओलाइट अशी खनिजे भरली गेली. (भुदरगड तालुक्यातल्या गारगोटी गावाचे नाव त्यावरून पडले का, असे विद्यार्थी दर वर्षी विचारतात, तो विषय इथला नव्हे.) मुठीला घट्ट भागातलाच दगड हवा. पांढरे ठिपके असलेला तुकडा देखणा वाटतो, पण झिओलाइट बेसॉल्टहून मऊ असल्यामुळे घासताना ते आधी झिजते आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. जांभ्याचा तर विचारही नको, तो सच्छिद्र आहे.

तुकडा निवडताना दोन परीक्षा कराव्यात. चिपेचे एक टोक दोन बोटांत सैल धरून स्टीलच्या चमच्याने टिचकी मारावी. धड दगड खणखणीत वाजतो आणि आतून तडा गेलेला बद्द. दुसरी परीक्षा आपल्याकडून नकळत झालीच आहे: दगड भिजवून, पुसून, सावलीत वाळू द्यावा आणि जिथे ओल रेंगाळते ती रेघ चिरेची समजावी. आपला पाटा पायरीवर आपटून फुटलेला असल्यामुळे फुटलेल्या कडेजवळ डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असणारच, म्हणून त्या कडेपासून निदान बोटभर आतला दगड घ्या.

टाकीच्या खळग्यांविषयी बहिणीची समजूत काढावी लागेल, असे दिसते. टाकीच्या प्रत्येक घावाखाली दगडाचा थोडा भाग चिरडला जातो आणि त्याखाली बारीक चिरांचे जाळे उरते. खळग्याचा तळ भोवतालच्या दगडापेक्षा फिकट दिसतो तो यामुळेच. ४ मिलिमीटरच्या चिपेत असा थर एका बाजूला राहिला तर चीप मुळातच कमकुवत होते. खळगे राखायचेच असतील तर ते चिपेच्या मध्यभागी ठेवा, कारण तिथे पाठीमागे पोलादाचा आधार पूर्ण आहे, आणि कडांजवळ एकही खळगा ठेवू नका.

आखाड्याचा कारभारी

मर्दानी खेळाच्या आखाड्यातली जुनी हत्यारे दुरुस्त करून घेण्याच्या निमित्ताने मुठींशी संबंध येतो, म्हणून थोडी भर घालतो. दगडी मूठ ही काही आजची हौस नव्हे. सतराव्या शतकातल्या मुघल खंजिरांना जेडच्या, म्हणजे यशब दगडाच्या, घोड्याच्या तोंडाच्या आकाराच्या मुठी असत, आणि खंभातचे अकीक घासणारे कारागीरही मुठी घडवत. यशबाची बाब मात्र निराळी आहे. तो बेसॉल्टपेक्षा फारसा कठीण नाही, पण त्याचे तंतू सुतासारखे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे तो सहसा फुटत नाही.

बसवण्याची रीत अधिक कामाची आहे. पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत लाखेसारख्या चिकट मसाल्यात रोवलेली असे. लाख गरम करून ओतली की पोकळी भरून काढते, थंड झाली की धरून ठेवते, पाते आणि मूठ यांच्यामध्ये गादीचे काम करते, आणि पाते बदलायचे झाल्यास मूठ शेकली की सुटते. आमच्या तलवारींची पाती आजही अशीच काढली जातात. वरती लेदरॉइडचा जो उपाय सांगितला आहे तो मला या गादीचाच धाकटा भाऊ वाटतो. तरीही खंजीर भोसकण्याचे किंवा कमरेला मिरवण्याचे हत्यार होते, त्याने कोणी ऊस तोडत नव्हते. कोयत्याला किंवा खाटकाच्या सुऱ्याला दगडाची मूठ कोणी लावू नये.

जुना टूलरूमवाला

सर्वांचे मनापासून आभार.

लोहार, फटीचा सल्ला खरोखरच जिवावर आला, पण पटला. पोलाद मी १००० नंबरच्या पेपरपर्यंत घासले होते, आणि सांध्यासाठी ते चांगलेच असणार अशी माझी समजूत होती. ताई, आपण निसटण्याचा मुद्दा काढलात तो आमच्या सौभाग्यवतींनी शब्दशः तसाच काढला होता, त्यामुळे त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. बाभळीच्या मुठीत दगडाचा तुकडा बसवण्याची कल्पना मी नाकारत नाही, मात्र पाट्याचा स्पर्श हातात यावा ही मूळ इच्छा असल्यामुळे आधी अख्ख्या चिपेचा आणखी एक प्रयत्न करून पाहतो.

चमच्याची परीक्षा केली. तीन तुकड्यांपैकी दोन खणखणीत वाजले आणि तिसरा बद्द. आता घोटण्याविषयी कोणी सांगेल काय?

ओटेवाला

ग्रॅनाइटचे ओटे बसवण्याचा आमचा धंदा आहे. कडा गोल करून घोटण्यातच माझा दिवस जातो, तेव्हा यावर मी थोडे अधिकाराने बोलू शकेन.

दगड बफने चकाकत नाही, दगड पायऱ्यांनी चकाकतो. ओल्या घोटाईचे डायमंड पॅड ५०, १००, २००, ४००, ८००, १५०० आणि ३००० अशा नंबरांत मिळतात. प्रत्येक पॅडचे काम एवढेच की आधीच्या पॅडचे ओरखडे पुसून स्वतःचे अधिक बारीक ओरखडे मागे ठेवायचे. एक पायरी गाळली तर तो ओरखडा ३००० नंबरपर्यंत आपल्याबरोबर चालत येतो, आणि शेवटी उजेडात दिसला की पुन्हा खाली उतरावे लागते. निम्म्याहून जास्त वेळ पहिल्या दोन पायऱ्यांतच जायला हवा. नवशिके नेमके उलट करतात, ५० वर उरकतात आणि ३००० वर तासभर घासत बसतात. प्रत्येक पॅडनंतर चीप धुवा, कोरडी करा आणि खिडकीपाशी तिरपी धरून पाहा. ओली चीप नेहमी चांगलीच दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. दिशा बदलत राहा, म्हणजे एकदा उभे घासले तर पुढच्या पॅडने आडवे, की जुना ओरखडा लगेच ओळखू येतो.

बेसॉल्ट ग्रॅनाइटइतका आरसा होत नाही. ८०० नंबरपर्यंत तो राखाडीच राहील, धीर सोडू नका. १५०० पासून रंग खोल जाऊ लागतो आणि ३००० ला ओल्या पाट्यासारखा काळा होतो. त्यापुढे हवे असेल तर नमद्यावर सेरियम ऑक्साइडची ओली पेस्ट लावून घोटतात. काकांना मात्र मी ४०० वर थांबायला सांगेन. त्या पायरीवर दगड मखमलीसारखा लागतो, ओल्या हातातही धरून राहतो आणि ताईंची शंकाही मिटते. चकाकी हवीच असेल तर चिपेच्या कडेची दोन मिलिमीटरची पट्टी तेवढी ३००० पर्यंत न्या, मधला भाग मंद ठेवा. काळी किनार आणि राखाडी पोट फार छान दिसते.

चीप कापायला हँड ग्रायंडर नको. साध्या हँड ग्रायंडरवर पाणी ओतत कापणे म्हणजे विजेशी खेळ आहे, आणि पाणी न घेता कापणे म्हणजे फुप्फुसाशी. खाली पाण्याचा ट्रे असलेले टाइल कटर वापरा, त्याला अखंड कडेचे डायमंड ब्लेड लावा, खाचा असलेले नको, आणि प्लग ईएलसीबीवर, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, ठेवा. किंवा कोणत्याही ओटेवाल्याला चार चिपा कापून मागा, दहा मिनिटांचे काम आहे.

धुळीबद्दल मात्र हात जोडून सांगतो. दगडाची बारीक धूळ एकदा फुप्फुसात बसली की ती निघत नाही आणि तिने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार मागे फिरत नाही. मास्तरीणबाई सांगतीलच की बेसॉल्टमध्ये मोकळे क्वार्ट्झ जवळजवळ नसते आणि अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका असते. खंभातच्या अकीक कारागिरांच्या वाट्याला हा आजार फार आला आहे. म्हणून बेसॉल्ट बरा म्हणायचा, पण तोही ओलाच कापायचा, एन ९५ मास्क लावून, आणि खाली साचलेला राबडा वाळण्याआधी पाण्याने धुऊन काढायचा. वाळलेला राबडा झाडूने झाडला की सगळी काळजी वाया जाते. आमच्याकडची जुनी माणसे तोंडाला रुमाल बांधत आणि त्यालाच पुरेसे समजत.

हौशी लोहार

ओटेवाले, ४०० वर थांबण्याचा सल्ला मला कधी सुचला नाही. माझ्या सातही मुठी आरशासारख्या केल्या आणि त्यांतली एक ओल्या हातातून निसटूनच फुटली, हे आता कबूल करतो.

जुना टूलरूमवाला

सव्वा महिन्यानंतर लिहीत आहे. तिन्ही सुऱ्या झाल्या.

चिपा ओट्याचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून कापून घेतल्या. सहा चिपा खणखणीत वाजणाऱ्या दोन तुकड्यांतूनच निघाल्या. बद्द वाजणारा तुकडा कापताना पात्याखाली आपण होऊनच दुभंगला, त्यामुळे चमच्याच्या परीक्षेवर माझा आता पूर्ण विश्वास बसला आहे. पितळी ठोकळे घरच्या लेथवर आणि कानशीने केले. फट ०.१ ठेवायची होती ती एका जागी ०.२५ झाली, तिथे एपॉक्सीत दगडाचीच भुकटी कालवून भरली आणि ती आता शोधूनही सापडत नाही. ही भुकटी मी राबड्यातून गाळून, वाळवून घेतली होती, आणि कालवताना मास्क लावला होता, हे ओटेवाल्यांसाठी मुद्दाम नमूद करतो.

घोटाईत ५० नंबरचा पॅड सोडून १०० पासून सुरुवात करण्याचा मोह मला झाला, आणि त्याची शिक्षा ८०० वर मिळाली: तिरप्या उजेडात कटरच्या पात्याचे चार समांतर अर्धगोल स्पष्ट दिसले. पुन्हा ५० वर उतरलो. दोन सुऱ्यांचे पोट ४०० वर सोडले आहे आणि किनार ३००० पर्यंत नेली आहे. थोरल्या भावाने सुरी हातात घेऊन आधी ओल्या हाताने धरून पाहिली, मग काही न बोलता कांदा चिरायला घेतला.

बहिणीच्या सुरीला उजवीकडच्या चिपेवर, बरोबर मध्यभागी, टाकीचे पाच खळगे ठेवले आहेत. चीप हाताला सोसेल इतपत कोमट करून त्या भागात पातळ एपॉक्सी दोनदा जिरवली, आणि मास्तरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे कडेजवळचे सगळे खळगे घासून काढले. चीप बसवण्याआधी टिचकी मारली तेव्हा आवाज खणखणीत आला. सुरी नेऊन तिला आता बारा दिवस झाले. पाचांपैकी अंगठ्याखाली येणाऱ्या दोन खळग्यांत हळद बसली आहे आणि ती ब्रशने घासूनही निघत नाही, असे तिने फोनवर सांगितले. मी काढण्याचा उपाय सांगू लागलो, तर विषय बदलून तिने मला वरवंट्याचे काय करणार आहात, असे विचारले.